वाचकांचे प्रश्न : संगणक बिघडलाय, पण नेमकं काय बिघडलंय?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच सुरातली आहेत : संगणक बंद पडला, दुरुस्तीवाल्याने अमुक भाग बदलायला सांगितला, बदलू का? तो भाग कोणती चाचणी करून दोषी ठरवला, हे मात्र जवळपास कोणाच्याच पत्रात नाही. त्यामुळे या अंकातली उत्तरं भाग बदलण्याआधी काय तपासायचं, यावर जास्त आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर मशीन सुरू करून बघा. चार गोष्टी एकदम बदलून मशीन चालू झालं, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

प्रश्न : डेस्कटॉपचे पंखे फिरतात, दिवेही लागतात, पण पडद्यावर काहीच येत नाही. मदरबोर्ड गेला असं सांगण्यात आलंय. खरंच गेला असेल का?

उत्तर : गेला असेलही, पण मदरबोर्डवर शेवटी यायचं असतं. या लक्षणाचं सगळ्यात नेहमीचं कारण रॅमचा नीट न बसलेला किंवा काळवंडलेला संपर्क हे आहे.

आधी मॉनिटर. कॅबिनेटकडची केबल काढा आणि मॉनिटर चालू ठेवा. ‘नो सिग्नल’ असं काही उमटलं, तर मॉनिटर ठीक आहे. मग केबल कुठे लावली होती ते पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्या पोर्टला हवी. ती मदरबोर्डच्या पोर्टला लावली की बऱ्याच मशीनवर पडदा काळाच राहतो, आणि साफसफाईनंतर ही चूक सर्रास होते.

आता वीज बंद करा, मागची वायर काढा आणि पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. रॅमच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा उघडून पट्टी बाहेर काढा. सोनेरी संपर्कांवरून पांढरं, मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि चुरा पूर्ण झटका, तो स्लॉटमध्ये पडता कामा नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेलं कापड असेल तर ते खोडरबरापेक्षा चांगलं. मग एकच पट्टी बसवा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा निवडा, बहुतेक बोर्डांवर एकट्या पट्टीसाठी तोच ठरलेला असतो. क्लिप ‘टक’ आवाज करून बंद होईपर्यंत दाबायचं. लोक इथे घाबरून कमी जोर लावतात. काही बोर्डांना क्लिप एकाच टोकाला असते, तिथे दुसरं टोक आधी पूर्ण खाली गेलंय ना, ते डोळ्यांनी बघा. मग दुसरी पट्टी, मग दुसरा स्लॉट, असं आलटून पालटून. डीडीआर ५ रॅम असेल तर एक सावधगिरी : रॅम हलवल्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅमशी वेळेचं गणित जुळवत असतो. तेवढ्यात कंटाळून बंद करू नका.

बोर्डवर चार बारीक दिवे आहेत का बघा. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांचा एकेक दिवा असतो, आणि ज्यावर गाडी अडली तो पेटून राहतो. दिवे नसतील आणि बोर्डला स्पीकर जोडलेला असेल, तर सगळी रॅम काढून सुरू करा. बीपचा आवाज आला तर बोर्ड आणि प्रोसेसर निदान जिवंत आहेत, आणि ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान तिथेच डळमळतं.

राहिला एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा. पंखे फिरतात म्हणजे एसएमपीएस चांगला, असं नाही. पंख्याला फार थोडी वीज लागते. मशीन चालू असताना मल्टिमीटरने त्याच्या चार पिनी मोलेक्स कनेक्टरवर मोजा. काळ्या वायरीच्या तुलनेत पिवळीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. याबाहेर गेला की तो बदलायचा, दुरुस्त करत बसायचं नाही. आणि तो उघडूही नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही काही काळ तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

एवढं करूनही काही हललं नाही, आणि दुसरा चांगला एसएमपीएस व दुसरी चांगली रॅम लावूनही तेच, तर मदरबोर्डवर शंका घ्या. प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली किंवा चिकट दिसली, तर शंकेला पुरावाही मिळाला.

प्रश्न : रोज सकाळी संगणकाची तारीख काही वर्षं मागे गेलेली असते आणि बऱ्याच वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. व्हायरस आहे का?

उत्तर : नाही. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं, ३ व्होल्टचा. वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं ठरावीक तारखांदरम्यानच वैध असतात, म्हणून घड्याळ चुकलं की ब्राउझर ती नाकारतो.

सेल बदलणं दोन मिनिटांचं काम, अधिक चिन्हाची बाजू वर. मात्र सेल काढण्यापूर्वी बायोसमध्ये (विंडोजआधी सुरू होणाऱ्या, बोर्डच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये) जाऊन साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, काय आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेल काढला की सेटिंग मूळपदावर जातात. आधी रेड असलेला मोड एएचसीआय झाला, किंवा उलट झालं, तर विंडोज सुरू होताना निळ्या पडद्यावर अडकतं आणि लोक विनाकारण फॉरमॅट मारून बसतात. मोड पूर्ववत केला की विंडोज होतं तसं उघडतं. लॅपटॉपमध्ये हा सेल कधी वायर आणि छोट्या कनेक्टरसह येतो, तिथे तसाच आणावा लागतो.

प्रश्न : लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो. क्लीनर टाकला, अँटिव्हायरस बदलला, दोनदा फॉरमॅट केलं. आठ दिवस बरा चालतो, मग पुन्हा तेच. मधूनच आतून ‘टिक टिक’ ऐकू येतं. रॅम वाढवू का?

उत्तर : रॅमचं नंतर बघू. ‘टिक टिक’ हा शब्द तुम्ही शेवटी लिहिलाय, तो पहिल्या ओळीत हवा होता. तुमची हार्ड डिस्क जायच्या मार्गावर आहे आणि प्रत्येक फॉरमॅटने तिच्यावर ताण पडलाय.

टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये डिस्कवर जा. वापर १०० टक्के, पण वाचण्या-लिहिण्याचा वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी आणि प्रतिसादाचा वेळ शेकडो किंवा हजारो मिलिसेकंद, असं दिसत असेल तर डिस्क एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय. खात्रीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. तो डिस्कने स्वतःच ठेवलेली नोंदवही दाखवतो. त्यात चार ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निर्णयाच्या प्रतीक्षेतले सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडे गेलेले. या तिन्हींपुढे शेवटच्या रकान्यात शून्य असावं. सी५ वाढत असेल तर दिवस मोजायला लागा. चौथी ओळ सी७, ती वेगळी आहे : ती वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा किंवा कनेक्टरचा असतो, आणि चांगली डिस्क फेकून द्यायची वेळ टळते. शेवटच्या रकान्यातले आकडे बऱ्याचदा सोळाच्या पटीतल्या पद्धतीने छापलेले असतात, म्हणून ‘१०’ दिसलं तर ते सोळा समजा.

आता काय करायचं नाही ते आधी. चेकडिस्क चालवू नका, डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र मांडणं) करू नका, पुन्हा फॉरमॅट नको. चेकडिस्कचं काम फाइलींची मांडणी सुसंगत करणं हे आहे, तुमचे फोटो वाचवणं हे नाही. त्यासाठी तो त्याच आजारी डिस्कवर लिहितो आणि सगळी डिस्क घासून वाचतो. कमकुवत डिस्क कित्येकदा त्या वाचनातच संपते.

डिस्क अजून दिसत असेल आणि टिक टिक अधूनमधूनच असेल, तर बाहेरची ड्राइव्ह जोडा आणि जे पुन्हा मिळणार नाही ते आधी उचला : फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाइली. चित्रपट आणि इन्स्टॉलर शेवटी, किंवा नकोच. एखादी फाइल अडली की तिच्याशी झगडू नका, पुढे चला. फाइलींची संख्या मोठी असेल तर लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीच्या) पेन ड्राइव्हवरून सुरू करून डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची प्रत घेणारा प्रोग्रॅम वापरणं जास्त चांगलं. तो आधी सगळा निरोगी भाग पटकन उतरवतो, खराब जागांची नोंद ठेवतो आणि त्या शेवटी पुन्हा वाचून बघतो. साधी कॉपी पहिल्याच खड्ड्यात अडकते. ज्या ड्राइव्हवर प्रत घ्यायची ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी, आणि आज्ञा लिहिताना मूळ कोणती व नवी कोणती हे तीनदा वाचा. अदलाबदल झाली तर सगळं कायमचं जातं.

टिक टिक सतत असेल किंवा डिस्क दिसतच नसेल, तर वीज बंद. पुन्हा पुन्हा चालू करून ‘यावेळी लागते का’ बघणं हाच सगळ्यात महाग प्रकार आहे. डिस्कचं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. ते घासायला लागलं की प्रत्येक फेरीला डेटाचा थर खरवडला जातो. डेटा महत्त्वाचा असेल तर थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या. टेबलावर झाकण उघडून बघणाऱ्याकडे देऊ नका, धुळीचा एक कण पुरतो. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला अजून फिरतो. तोही नको, आत दव धरतं.

डेटा हातात आला की एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क) बसवा. फिरती डिस्क सेकंदाला विखुरलेली सुमारे शंभर वाचनं करू शकते. साधी साटा एसएसडीसुद्धा हजारोंनी करते. विंडोज सुरू होताना नेमकी अशीच बारीक-बारीक वाचनं लागतात, म्हणून जुना लॅपटॉप एसएसडीने जितका बदलतो तितका दुसऱ्या कशानेही बदलत नाही. खरेदीआधी लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये बघा : अडीच इंची साटा, एम.२ साटा की एम.२ एनव्हीएमई. शेवटच्या दोन दिसायला सारख्या असतात, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, त्याने फरक पडतो. ८ असेल तर आधी एसएसडी लावून बघा. क्लीनर प्रकारातले सगळे प्रोग्रॅम काढून टाका. त्यांच्यामुळे वेग वाढत नाही, उलट ते स्वतःच सुरुवातीला उघडून बसतात.

एसएसडीबद्दल एकच इशारा. ती जाताना टिक टिक करत नाही, बहुतेकदा एका सकाळी दिसेनाशी होते. शिवाय पुसलेल्या फाइलींची जागा ती स्वतः मोकळी करून टाकते, त्यामुळे चुकून पुसलेलं परत मिळण्याची आशा फिरत्या डिस्कपेक्षा खूप कमी. बॅकअप आता जास्त लागेल.

प्रश्न : लॅपटॉप वीस-पंचवीस मिनिटांत तापतो, पंखा ओरडतो आणि मशीन एकदम बंद पडतं. थर्मल पेस्ट बदलू का?

उत्तर : पेस्ट म्हणजे चिप आणि तिला थंड करणारा धातू यांच्यामधला लेप. पण पेस्टच्या आधी धूळ. पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्यांची जाळी यांच्या मधोमध नमद्यासारखा थर साचतो. बाहेरच्या झरोक्यातून तो दिसत नाही, कारण तो आतल्या बाजूला असतो. पंखा जोरात फिरतो पण झरोक्यातून येणारी हवा मंद, अशी खूण असेल तर हेच कारण.

एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅमने तापमान बघा. बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसला स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही ताप उतरला नाही तर मशीन बंद करतात. बंद पडताना तापमान ६०-७० असेल तर हा तापाचा प्रश्नच नाही, बॅटरी किंवा चार्जर तपासा. चार्जर काढल्याबरोबर बंद पडत असेल तर बॅटरी.

साफ करताना खालचं झाकण उघडून पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर काढणं. पंख्याचं पातं टूथपिकने अडवून धरा आणि मग हवा मारा. मोकळा पंखा हवेने भन्नाट फिरतो, त्याचं बेअरिंग खराब होतं आणि फिरता पंखा उलट वीज बोर्डकडे पाठवू शकतो. जाळीवरचा थर चिमट्याने उचलून काढावा. बाहेरून नुसती हवा मारली तर तो आणखी आत बसतो. व्हॅक्यूम क्लीनरची नळी आत घालू नका, तिच्या टोकाशी स्थिर वीज तयार होते.

धूळ काढूनही ताप राहिला तरच पेस्ट. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसायची आणि चिप पातळ थराने झाकायची. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा, हा गैरसमज आहे. धातूला धातू जिथे पूर्ण टेकत नाही, तेवढ्या फटी भरणं एवढंच तिचं काम. स्क्रू त्यांच्यावर छापलेल्या क्रमांकानुसार थोडे थोडे आवळा. आणि शेजारच्या चिपांवर राखाडी किंवा निळे मऊ पॅड दिसतील, त्यांच्या जागी पेस्ट भरू नका. पॅड फाटले तर त्याच जाडीचे आणा. जाड पॅड लावला की मुख्य चिपवरचा दाब कमी होतो आणि मशीन आधीपेक्षा जास्त तापतं.

प्रश्न : टचपॅडचं क्लिक लागत नाही आणि लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो. टचपॅड बदलायचा का?

उत्तर : टचपॅड नाही, खालची बॅटरी फुगलीय. आजच चार्जर काढा, मशीन बंद करा, पुन्हा चार्ज करू नका. झाकण दाबून सपाट करायचा किंवा बॅटरीला भोक पाडायचा विचारही नको. लिथियम सेल आत शॉर्ट झाला तर पेट घेतो, आणि तो वेगाने घेतो. बॅटरी चिकटवलेली असेल तर धातूच्या पट्टीने उचकटू नका, ते काम टेक्निशियनवर सोडा. काढलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावी.

नवी बॅटरी मूळ भाग क्रमांक जुळवूनच घ्या. लॅपटॉप कायम चार्जरला लावलेला असतो, अशांनी बायोसमध्ये किंवा कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये चार्जची मर्यादा ८० टक्के ठेवावी. पूर्ण भरलेली आणि सतत गरम असलेली बॅटरी सगळ्यात लवकर म्हातारी होते.

प्रश्न : बायोस अपडेट केल्यावर निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. मी असं कुलूप कधी लावलंच नव्हतं.

उत्तर : तुम्ही लावलं नसेल, विंडोजने लावलं असेल. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कुलपाने, बंद होऊ शकते. किल्ली बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षेच्या चिपशी बांधलेली असते. बायोस बदललं किंवा बोर्ड बदलला की चिपला मशीन अनोळखी वाटतं आणि ती किल्ली द्यायला नकार देते.

दुसऱ्या मशीनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करा, डिव्हाइसच्या पानावर बिटलॉकरच्या किल्ल्या असतात. निळ्या पडद्यावरच्या ओळख क्रमांकाची पहिली आठ अक्षरं जुळवून योग्य किल्ली निवडा. लॅपटॉप पहिल्यांदा कोणी सुरू करून दिला होता, ते आठवा. विक्रेत्याने किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी स्वतःच्या खात्याने केला असेल, तर किल्ली त्या खात्यात आहे. ऑफिसचं किंवा कॉलेजचं खाते जोडलं असेल तर त्यांच्या आयटी विभागाकडे.

किल्ली कुठेच नसेल तर डेटा गेला. मायक्रोसॉफ्टही ती पुन्हा बनवून देऊ शकत नाही. ‘आम्ही बिटलॉकर तोडून देतो’ म्हणणारा प्रत्यक्षात फॉरमॅट करून देईल. ज्यांचं मशीन अजून नीट चालतंय त्यांनी आजच किल्ली कागदावर उतरवून ठेवावी, आणि बायोस अपडेटआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवावं.

प्रश्न : पाठीमागे हार्ड डिस्क जोडून कॉपी सुरू केली की वायरलेस माउस अडखळतो. माउस नवा आहे.

उत्तर : माउस चांगला आहे. यूएसबी ३ मधून डेटा जाताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो आणि माउसचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) त्याच पट्ट्यात बोलतो. डोंगल दुसऱ्या बाजूच्या यूएसबी २ पोर्टला लावा, किंवा छोट्या एक्स्टेंशन वायरीने तो डिस्कपासून हातभर लांब आणा. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कॉपी करताना मंदावत असेल तर त्याचंही कारण हेच असू शकतं. राउटरला चालत असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जा.

प्रश्न : लॅपटॉपच्या कीबोर्डवर पाणी सांडलं. तांदळात ठेवला, दोन दिवसांनी सुरू झाला, पण आता काही बटणं आपोआप दाबली जातात. काय करू?

उत्तर : तांदूळ आतलं पाणी फारसं शोषत नाही, उलट पोर्टमध्ये पीठ जातं. तो दोन दिवसांत वाळला तो हवेने, आणि वाळताना पाण्यातले क्षार बोर्डावर सोडून गेला. त्या क्षारांवर वीज खेळत राहिली की तांबं हिरवं पडून गंजतं. म्हणून ‘चालू झाला’ याचा अर्थ ‘वाचला’ असा होत नाही. डेटाची प्रत आजच घ्या, मग बंद करून उघडायला द्या. बोर्ड बाहेर काढून ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुतात आणि पूर्ण वाळवतात. आपोआप दाबली जाणारी बटणं सहसा साफ होत नाहीत, कीबोर्ड बदलावा लागतो. तोवर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड वापरा.

सांडल्या क्षणी मात्र एकच क्रम : चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा, उघड्या पुस्तकासारखा पालथा ठेवा. फाइल सेव्ह करायला थांबू नका. हेअर ड्रायर नको, तो पाणी आणखी आत ढकलतो.

प्रश्न : विंडोज १० वर आहे. ‘हा संगणक विंडोज ११ ला पात्र नाही’ असं येतं. नवा घ्यावा का?

उत्तर : विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी ठेवली आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पण आधी ‘पात्र नाही’ का म्हणतंय ते बघा. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा प्रोग्रॅम कारण सांगतो. टीपीएम २.० नाही असं असेल तर बायोसमध्ये इंटेल पीटीटी किंवा एएमडी एफटीपीएम नावाचा पर्याय शोधा. बऱ्याच डेस्कटॉपवर तो असतो, फक्त बंद असतो. कारण प्रोसेसर असेल, म्हणजे इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा, तर उपाय नाही. आडवाटेने विंडोज ११ बसवता येतं, पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. काम ब्राउझर, पत्रव्यवहार आणि व्हिडिओपुरतं असेल तर लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, आठवडाभर वापरून बघा. प्रिंटर आणि वायफाय चाललं तर मशीन अजून काही वर्षं कामाचं.

प्रश्न : दुरुस्तीला देताना भाग बदलले जातील, फोटो बघितले जातील अशी भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

उत्तर : भीती रास्त आहे. चांगले टेक्निशियन भरपूर आहेत आणि पुढच्या गोष्टी मागितल्या म्हणून त्यांना राग येत नाही.

मशीन चालू होत असेल तर देण्याआधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समधल्या रॅम आणि डिस्कच्या पानांचे फोटो काढा. क्रिस्टलडिस्कइन्फोमधलं डिस्कचं मॉडेल, अनुक्रमांक आणि किती तास चालली तो आकडाही टिपा. बिघाड पडदा, कीबोर्ड, बिजागरी किंवा चार्जिंगचा असेल तर डिस्क काढूनच द्या, तपासायला दुकानात स्वतःची डिस्क असते. काढता येत नसेल तर वेगळं नवं खातं करून फक्त त्याचा पासवर्ड द्या आणि ब्राउझरमधून सगळीकडे लॉगआउट करा. एवढ्याने फाइली झाकल्या जात नाहीत, हे लक्षात ठेवा. डिस्क कुलूपबंद नसेल तर ती दुसऱ्या मशीनला लावून कोणीही वाचू शकतं. बिटलॉकर चालू असेल तर किल्ली तुमच्याजवळ राहू द्या.

पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या : मशीनचा अनुक्रमांक, तुम्ही सांगितलेली तक्रार, खर्चाची वरची मर्यादा (त्यापलीकडे विचारल्याशिवाय काम नाही), आणि ‘डेटा पुसायचा नाही’ हे वाक्य. शेवटचं लिहिलं नाही तर फॉरमॅट हा नेहमीचा पहिला उपाय असतो. जुना भाग परत हवा, हेही आधीच सांगा.

लॅपटॉपचा बोर्ड गेला असं निदान आलं तर चिप-लेव्हल दुरुस्ती होईल का, ते विचारा. वीजपुरवठ्याच्या रेषेवरचा शॉर्ट झालेला एक कपॅसिटर किंवा चार्जिंगची आयसी बदलून बोर्ड वाचू शकतो. मात्र ग्राफिक्स चिप तापवून ‘बसवून’ देतो म्हणाले तर नको म्हणा. तो इलाज बहुधा थोडेच दिवस टिकतो. वेगळीच चिप बसवणार असतील तर हमी किती दिवसांची, ते लेखी घ्या. बोर्ड बदलल्यावर विंडोज ‘ॲक्टिव्हेट करा’ म्हणू शकतं, कारण परवाना बोर्डाशी बांधलेला असतो. तो आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवला असेल तर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमधून परत मिळू शकतो. दुकानदाराने क्रॅक (परवान्याला चकवणारा प्रोग्रॅम) चालवून ते गप्प केलं तर मान्य करू नका. असे प्रोग्रॅम बसवण्याआधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि मग त्यासोबत आणखी काय आलं ते कळत नाही.

परत घेताना पैसे देण्याआधी तिथेच सुरू करा. आधीचे फोटो काढून रॅम, डिस्कचं मॉडेल आणि अनुक्रमांक जुळवा. नवी एसएसडी बसवली असेल तर तिचे चाललेले तास दोन आकड्यांत असावेत, हजारात असतील तर ती जुनी आहे. मग कॅमेरा, स्पीकर, प्रत्येक यूएसबी पोर्ट, वायफाय, चार्जिंग आणि झाकण पुढे-मागे हलवताना पडदा, हे सगळं बघा. उघडलेल्या लॅपटॉपमध्ये एखादी केबल परत जोडायची राहून जाऊ शकते. बदललेली जुनी डिस्क दुकानात सोडू नका. ती चालत नसली तरी तिच्या तबकड्यांवर तुमचा डेटा तसाच असतो.